पोट भरतं, अंगी लागत नाही

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. आधीच्या पाहणीत हे प्रमाण ४८ टक्के होतं. दोन्हींच्या मधल्या काळात रेशनचं धान्य थांबलेलं नव्हतं. म्हणजे उपासमार हे या वाढीचं पुरेसं उत्तर होत नाही. अशा वेळी बायकांना आहाराचं ज्ञान नाही, असं म्हणून आपण मोकळे होतो. मला हे मुळीच पटत नाही.

ज्वारीची भाकरी, झुणका, एखादी पालेभाजी आणि लिंबाची फोड हे जेवण पाहा. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, ते हरभऱ्याच्या डाळीत भरपूर असतं. डाळीत मेथिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल कमी पडतं, ते ज्वारी पुरवते. धान्यातलं आणि पालेभाजीतलं लोह शरीरात सहजी शोषलं जात नाही. लिंबातलं क जीवनसत्त्व ते शोषायला मदत करतं, आणि जेवणावर लगेच घेतलेला चहा नेमका त्याच्या आड येतो. मटकीला मोड आणले की धान्य-कडधान्यांतल्या लोहाला धरून ठेवणारं फायटेट कमी होतं. हे सगळं प्रयोगशाळेनं सांगण्याआधीपासून बायका रांधत आल्या आहेत. ज्ञान होतंच. ताटातून डाळ, भाजी, लिंबू कमी होत गेलं, कारण ते विकत आणावं लागतं.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं बहुतेक पात्र कुटुंबांना माणशी महिना ५ किलो धान्याचा हक्क दिला आणि २०२३ पासून ते मोफत मिळतं. हा कायदा मोलाचा आहे, त्यानं भूक खरोखर कमी केली. पण त्यात डाळ नाही, तेल नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की तृणधान्यांतून एकूण ऊर्जेच्या ४५ टक्क्यांहून जास्त ऊर्जा घेऊ नये. ज्या घरात तांदूळ-गहू फुकट आणि तूरडाळ मात्र दुकानाच्या भावानं, त्या घरानं ही सूचना पाळायची कशी? रेशनच्या तांदळात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ मिसळायला सुरुवात झाली, हे खरं. तरी रक्त नुसत्या त्यांनी बनत नाही. प्रथिनंही लागतात.

आणि घरात डाळ शिजली तरी ती कुणाच्या वाट्याला येते? अजूनही कितीतरी घरांत बाई सगळ्यांचं झाल्यावर जेवते. भाजी संपलेली असते, आमटी पातळ झालेली असते, भाकरी मात्र उरते. मासिक पाळीमुळे लोहाची गरज जिला सर्वांत जास्त, तिच्या ताटात ते सर्वांत कमी.

म्हणून राज्याच्या आदिवासी भागातली अमृत आहार योजना मला महत्त्वाची वाटते. तिथं गरोदर आणि स्तनदा मातांना शिजवलेलं पूर्ण जेवण अंगणवाडीत मिळतं. शिधा घरी नेला की तो साऱ्या घराचा होतो. अंगणवाडीत बसून खाल्लेलं तिचं स्वतःचं असतं. मूल झालं, काही महिने गेले, की हा हक्क मात्र संपतो. रक्तक्षय तेव्हा संपलेला नसतो. रेशनवर दरमहा डाळ आणि अंगणवाडीत किशोरवयीन मुलींसाठीही रोजचं ताट, एवढी मागणी तरी आता जोरानं पुढे यायला हवी.