हे काय सुटलंय?

वीस-पंचवीस वर्षं जुन्या गाडीचं बॉनेट उघडलं, की बॅटरीच्या आसपास किंवा एअर फिल्टरच्या डब्यामागे एखादा कपलर मोकळा लोंबकळताना पुष्कळदा दिसतो. प्लॅस्टिकचं छोटं घर, आत दोन-तीन पिना, मागे तितक्याच वायरी आणि समोर काहीच नाही. गाडी तर चालू आहे. मालक विचारतो, "हे काय सुटलंय?" प्रश्न साधा वाटतो, पण अर्धं उत्तर त्याने आधीच गृहीत धरलेलं असतं. सुटलंय, म्हणजे पूर्वी जोडलेलं होतं, म्हणजे आता जोडायला हवं. यातली एकही पायरी आपोआप सिद्ध होत नाही.

'नसणं' म्हणजे काय, याचा आपल्याकडे फार बारकाईने विचार झाला आहे. वैशेषिकांनी पुढे 'अभाव' हा सातवा पदार्थच मानला. अभाव कधी नुसता नसतो, तो कशाचा तरी असतो. ज्याचा अभाव, तो त्याचा प्रतियोगी. जमिनीवर घडा नाही हे कळायला घडा म्हणजे काय हे आधी ठाऊक हवं. मोकळ्या कपलरपुढे आपली पंचाईत नेमकी इथे होते. नसणं डोळ्यांना दिसतं, प्रतियोगी माहीत नसतो.

त्यांनी अभावाचे चार प्रकार सांगितले. काटेकोर नैयायिक हरकत घेईल, पण बॉनेटखाली चारही भेटतात. कंपन्या अनेकदा एकच वायरिंग वेगवेगळ्या मॉडेल्सना वापरतात. मग स्वस्त मॉडेलमध्ये फॉग लॅम्पचा कपलर येतो, दिवा कधीच येत नाही. हा अत्यंताभाव. एसीचा कॉम्प्रेसर बिघडला म्हणून कोणीतरी काढून टाकला आणि त्याची वायर मागे राहिली, हा प्रध्वंसाभाव. काही जुन्या जपानी गाड्यांत तपासणीचा कपलर मुद्दाम मोकळा ठेवलेला असतो. तपासणीच्या वेळीच तो जोडायचा. त्या जोडाचा आज आहे तो प्रागभाव. आणि शेजारच्या सेन्सरवर हाच कपलर घट्ट बसतो, पण तो त्याचा नव्हेच, हा अन्योन्याभाव. चौघांचं दिसणं एकच, उपाय मात्र वेगळे. पहिल्या आणि तिसऱ्याला हात लावायचा नाही. चौथ्यात 'बसतोय ना, मग दे ठोकून' म्हणणाऱ्याने चांगला सेन्सर किंवा फ्यूज घालवला म्हणून समजा.

वेगळेपण ओळखता येतं, फक्त वेळ लागतो. एकदा जोडलेल्या पिनेवर घासल्याचा बारीक चरा असतो. पिना स्वच्छ आणि बाहेर धूळ, तर सुटून फार दिवस झालेले नाहीत. वायरीची लांबी बोलते, कारण ती साधारण तिच्या ठिकाणापर्यंतच पोचते. वायरीचा रंग आणि त्यावरची रेघ वायरिंगच्या नकाशाशी ताडून पाहता येते. याला अनुमान म्हणतात; अंदाजपंचे ही वेगळी गोष्ट.

'गाडी चालतेय ना?' ही मात्र कसोटी नव्हे. इंजिनाच्या पाण्याचं तापमान सांगणाऱ्या सेन्सरचा कपलर निघाला, तर संगणकाला सर्किट तुटल्यामुळे उणे चाळीस अंशांच्या आसपासचा आकडा दिसतो. इतकी थंडी अशक्य आहे, हे तो ओळखतो, चूक नोंदवतो आणि स्वतःच एक आकडा धरून इंजिन चालवत राहतो. बऱ्याच गाड्यांत पंखा सतत फिरतो, पेट्रोल जास्त जळतं. चालणं आणि ठीक असणं यांतलं हे अंतर यंत्र आपल्याला दिवा लावून सांगतं.

म्हणूनच सगळ्यात गंभीर प्रश्न त्या दिव्याचा. सेकंडहँड गाड्यांच्या बाजारात एअरबॅग उडून गेलेल्या गाडीत नवी न बसवता तिच्या पिवळ्या कपलरमध्ये एक रेझिस्टर खोचण्याचा प्रकार चालतो. संगणकाला वाटतं, एअरबॅग जागेवर आहे. डॅशबोर्डावरचा दिवा विझतो. प्रतियोगीच्या जागी तोतया बसवला, अभाव तसाच राहिला, फक्त त्याची जाणीव मारली. हे कळणार अपघातात, आणि कळणार त्याला, ज्याचा या व्यवहारात काही हात नाही. न कळता जोडणं हा उतावळेपणा आहे. कळूनही झाकणं हा दगा आहे.

दोष सगळा गॅरेजवर ढकलून मोकळं होता येत नाही. बदललेल्या पार्टचे पैसे आपण निमूट देतो. तासभर वायरी तपासून "हा मोकळाच असतो, राहू द्या" असं सांगणाऱ्याला शंभर रुपये देताना मात्र कुरकुरतो. "मला अजून कळलेलं नाही, गाडी उद्यापर्यंत ठेवा" हे वाक्य ज्याच्या पोटावर येतं, तो ते किती दिवस बोलेल? मग तो काहीतरी जोडतो, काहीतरी बदलतो, बिल करतो आणि आपण समाधानाने निघतो.

न कळणं हा गुन्हा नाही. ज्याला प्रतियोगी सापडला, त्याने कपलरला टेप गुंडाळावी आणि वर लिहून ठेवावं: कशाचा आहे, का मोकळा आहे. सापडला नसेल तर तेही लिहावं. ही गाडी उद्या दुसऱ्या कोणाच्या तरी हातात जाणार आहे.