कठडा

गेले पंधरा दिवस मी एका जहाजाला कठडे लावतो आहे. जहाज म्हणजे ब्रिटिश आरमारातल्या ‘हूड’ या युद्धनौकेची सातशेपट लहान प्रतिकृती. मूळ नौका 860 फूट लांब. माझी जेमतेम सव्वा फूट. कठडे पितळेचे, दीड मिलिमीटर उंचीचे. पातळ पत्र्यावर प्रकाशाच्या साहाय्याने आकृती उमटवायची आणि नको तेवढे पितळ रसायनाला खाऊ द्यायचे, अशी त्यांची घडण. मग आपण ते काचेवर ठेवून पात्याने कापायचे, डेकच्या वळणाप्रमाणे चिमट्याने वाकवायचे आणि सुईच्या टोकावर सुपरग्लू घेऊन कडेला नुसती टेकवायची. थेंब जरा मोठा झाला की फटी बुजतात, कठड्याची भिंत होते. श्वास जोरात सोडला की तुकडा सतरंजीत गडप, आणि सारे घर गुडघ्यांवर!

परवा सहज हिशेब केला आणि हातच थांबला. पितळाची जाडी एक दशांश मिलिमीटर. सातशेने गुणले तर सात सेंटिमीटर! खऱ्या नौकेवर बोटाएवढ्या तारा. माझ्या नौकेवर मनगटाहून जाड दांडे. याहून फार बारीक करावे तर पितळ चिमट्यातच दुमडते. म्हणजे मी इतक्या निगुतीने चिकटवतो आहे ते खोटेच की! मग कठडे न लावणे अधिक प्रामाणिक नव्हे काय? पण कठड्यावाचूनचे जहाज तरी खरे कुठे?

विचार करीत अंगणात आलो. नातू दिवाळीचा किल्ला करीत होता. गडाच्या दरवाजाशी त्याने उभा केलेला मावळा दरवाजाच्या दुप्पट उंच होता.

“अरे, हा आत कसा जायचा?”

“आजोबा, आत कशाला जाईल? तो पहाऱ्यावर आहे ना!”

मला हसू आले. पण मावळा उचलून पाहिला, तर उरला मातीचा ढीग. मी तो पुन्हा जागेवर ठेवला.

24 मे 1941 रोजी ‘हूड’ बुडाली तेव्हा तिच्यावर 1418 माणसे होती. वाचली अवघी तीन. उरलेलीही कधीतरी त्या कठड्याला धरून वादळात चालली असतील, सुटीच्या सांजेला त्याला रेलून उभी राहिली असतील. इथे माणसे वावरत होती, एवढे माझा जाडजूड कठडा सांगतो. मापात तो चुकतो, ते पितळाच्या मर्यादेमुळे. त्या चुकीची मला लाज वाटत नाही.

लाज वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. धुराड्यामागच्या एका तुकड्याच्या फटी माझ्या उतावळेपणाने बुजल्या होत्या. ती बाजू भिंतीकडे राहणार, कोण पाहतो, म्हणून मी तो तसाच सोडला होता. हे खोटे पितळाचे नव्हते, माझे होते.

रात्री अंगणात पणत्या लागल्या. मी दिवा जवळ ओढला आणि तो तुकडा हलकेच उपटून काढला.