फॉरवर्ड करणं हेही बोलणंच



आजचं चिंतन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक १५

सतराव्या अध्यायात भगवंत तपाचे तीन प्रकार सांगतात: शरीराचं, वाणीचं आणि मनाचं. आजचा श्लोक मधल्याचा, वाणीच्या तपाचा. साध्या मराठीत त्याचा भाव असा, की जे बोलणं ऐकून समोरच्याचं मन हादरत नाही, जे खरं असतं, गोड असतं आणि ऐकणाऱ्याच्या भल्याचं असतं, ते बोलणं म्हणजे तप. स्वाध्यायही याच तपात येतो.

श्लोक मला शाळेपासून पाठ आहे. पण तो मोबाईललाही लागू होतो, हे कळायला तिशी उजाडावी लागली.

हा विषय आज का, तर आमच्या रविवारच्या ऑनलाइन हरिपाठात एका मुलानं विचारलं, "दादा, साधकानं सोशल मीडिया सोडून द्यावा का?" प्रश्न प्रामाणिक होता. मी तेव्हा काहीतरी गोलमोल बोलून वेळ मारून नेली. खरं उत्तर द्यायचं तर माझी स्वतःची एक गोष्ट सांगावी लागते, आणि ती सांगायला मला लाज वाटते. आज सांगतो.

माझं गाव भंडारा जिल्ह्यात, पवनीच्या बाजूला. धानाचा मुलूख. जून संपत आला की पऱ्हे तयार होतात आणि सगळं गाव रोवणीच्या मागं लागतं. मोठी माणसं बांधीत, आणि घरी फक्त म्हातारी माणसं आणि लेकरं.

२०१८ चा जून. मी पुण्यात नोकरीला. ऑफिसमध्ये चहाच्या वेळी फोनवर एक मेसेज आला. मुलं पळवणारी टोळी आली आहे, ती साधू, भिकारी, फेरीवाले अशा वेषात फिरते, सावध राहा. खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं, की जास्तीत जास्त लोकांना पाठवा, एखादं लेकरू वाचेल. माझ्या डोळ्यांपुढं माझी पुतणी आली. चार वर्षांची, दिवसभर अंगणात खेळणारी. मी तो मेसेज गावच्या ग्रुपवर टाकला. मोजून दहा-बारा सेकंदांचं काम. मग चहा संपवला आणि परत कामाला बसलो.

काही दिवसांनी, २ जुलैला रात्री आईचा फोन आला. ती टीव्हीवर धुळ्याची बातमी बघून हादरली होती. म्हणाली, "बाबू, थो मेसेज तूच पाठवला होता ना?"

मग तिनं गावात काय झालं ते सांगितलं. तीन-चार दिवसांपूर्वी चाकू-कात्र्यांना धार लावणारा एक माणूस गावात आला होता. सोबत सहा-सात वर्षांचा मुलगा. मारुतीच्या पारापाशी चार पोरांनी त्याला अडवलं. हा मुलगा कोणाचा? तो म्हणाला, माझाच. मग पोरांनी मुलालाच विचारलं, हा तुझा बाप आहे का रे? एवढे लोक भोवती बघून त्या लेकराच्या तोंडून शब्दच फुटेना. तो गप्प राहिला तसा लोकांचा संशय वाढला. कुणीतरी बापाची कॉलर धरली. कुणीतरी मोबाईल काढून मेसेज दाखवला आणि म्हणालं, "आपल्या इंजिनिअरनं पाठवला आहे, खोटा कसा असंल?"

तेवढ्यात आमची मोठी आई पाण्याचा गडवा घेऊन मध्ये शिरली. तिनं त्याला ओळखलं होतं. मागच्या साली तिचा इळा त्यानंच लावून दिला होता. "दिलं मी पाणी त्यायले, अन् म्हटलं जाऊ द्या," असं ती मला नंतर सांगत होती, जसं काही फार झालंच नव्हतं. तो माणूस मुलाला घेऊन निघून गेला. त्यानंतर तो आमच्या गावात परत आलेला नाही.

मोठी आई त्या दिवशी बांधीत असती तर काय झालं असतं? याचं उत्तर आईनं टीव्हीवर पाहिलं होतं.

रविवार, १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. त्या भागातही मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा व्हॉट्सॲपवरून फिरत होत्या. गावात पाच परके माणसं आली. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागत गावोगाव फिरणारी. जमावाला संशय आला. त्यांना मारत ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि तिथं ते पाचही जण गेले. त्यांनी कोणाचंही मूल पळवलेलं नव्हतं. पुढे २०२४ मध्ये न्यायालयानं या प्रकरणात सात जणांना जन्मठेप दिली.

यातले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले. मंगळवेढा म्हटलं की आपण हात जोडतो. दुष्काळात सरकारी धान्याची कोठारं भुकेल्यांसाठी उघडणाऱ्या दामाजीपंतांचं गाव. वेस बांधताना ढिगाऱ्याखाली गेलेल्या चोखोबांचं गाव. आणि डवरी गोसावी तर नाथांच्या परंपरेतले. आपल्या माउलींची गुरुपरंपरा तीच: गहिनीनाथांकडून निवृत्तीनाथांना आणि निवृत्तीनाथांकडून ज्ञानदेवांना. म्हणजे ज्या भगव्या वेषापुढं आपल्या आज्या मूठभर तांदूळ घेऊन उभ्या राहायच्या, तोच वेष एका मेसेजनं खुनाचं कारण करून टाकला. मी पाठवलेल्या मेसेजमध्येही 'साधूच्या वेषात' हे शब्द होते. हरिपाठ म्हणणाऱ्या माणसानं ते पुढं पाठवले होते.

आता खरा प्रश्न. माझा हेतू वाईट होता का? नाही. लेकरं वाचावीत असंच मला वाटत होतं. मजकूर मी लिहिला नव्हता. कॉलर मी धरली नव्हती, मी तर पुण्यात होतो. मग दोष माझा किती?

बरेच दिवस मी स्वतःला समजावत होतो की मी फक्त पुढं पाठवलं. पण आजच्या श्लोकापुढं हे टिकत नाही. भगवंत वाणीच्या कसोट्या सांगताना 'हे वाक्य मुळात कोणाचं' असं विचारत नाहीत. बोललेलं खरं आहे का आणि भल्याचं आहे का, एवढंच विचारतात. आणि पारावर जे चाललं, ते कोण्या अनोळखी माणसाचे शब्द म्हणून चाललं नाही. माझं नाव त्यावर होतं म्हणून चाललं. त्या मेसेजला मी माझी डिग्री, माझी नोकरी, गावाचा माझ्यावरचा विश्वास, सगळं जोडून दिलं होतं. फॉरवर्ड करणं म्हणजे उसन्या शब्दांना आपला आवाज देणं. म्हणजे बोलणंच.

माझ्या धंद्यातली गोष्ट सांगतो. मी लिहिलेला कोड कितीही छोटा असू दे, दुसऱ्या कोणी तपासल्याशिवाय तो ग्राहकापर्यंत जात नाही. मी सिनियर आहे म्हणून मला सूट नाही. आणि तोच मी, एक न तपासलेला मजकूर, एका बोटानं शे-दोनशे घरांत सोडून मोकळा झालो. व्हॉट्सॲपचे मेसेज पाठवणारा आणि घेणारा सोडून कोणालाच वाचता येत नाहीत, खुद्द कंपनीलाही नाही. खासगीपणासाठी ते चांगलंच आहे. पण त्याचा अर्थ असाही होतो की मध्ये तपासणारं कोणी बसलेलं नाही. शेवटचा तपासनीस माझं बोट.

त्या जुलैतच कंपनीनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पुढे एप्रिल २०२० मध्ये, बरेच हात फिरून आलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. उपयोग झालाच असणार. पण बाहेरून घातलेला बांध आणि आतला संयम यात फरक आहे. मी तर तेव्हाही एकाच ग्रुपवर पाठवलं होतं. एकच पुरे होतो.

मग सोडूनच द्यावं का सगळं? इथं मला दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर चिंतन अर्धं राहील.

राईनपाड्यानंतर बरोबर दोन वर्षांनी, १ जुलै २०२० ला आषाढी एकादशी होती. कोरोनामुळं वारी झाली नाही, पालख्या एसटीनं पंढरपुरात गेल्या. त्या दिवशी आमच्या मोठ्या आईनं माझ्या भावाच्या मोबाईलवर पांडुरंगाचं दर्शन घेतलं. स्क्रीनला हात लावून तो हात कपाळाला लावला. तोच फोन, ज्यावर दोन वर्षांपूर्वी माझा मेसेज आला होता.

त्याच वर्षी ऑगस्टच्या शेवटी वैनगंगेला मोठा पूर आला. भंडारा शहरात घरांमध्ये पाणी शिरलं. त्या दोन-तीन रात्री आमचा तोच ग्रुप जागा होता. कोणत्या रस्त्यावर पाणी आलं, कोणाकडं म्हातारं माणूस एकटं आहे, कुठं जेवणाची सोय आहे. मी पुण्यात बसून नातेवाइकांची खबर घेत होतो. यातला एकही मेसेज थांबला असता तर कोणाचं तरी नुकसान झालं असतं.

इथं एक जण म्हणेल, आणि बरोबर म्हणेल, की दादा, प्रत्येक मेसेज तपासत बसलो तर पुराचा निरोपही उशिरा पोचेल. यावर मी खूप विचार केला. मला दिसलेला फरक असा. पुराचा मेसेज मला सांगतो, 'तू ऊठ आणि उंचावर जा.' तो चुकीचा निघाला तर मी एक रात्र फुकट जागतो. चुकीची किंमत मीच भरतो. टोळीचा मेसेज मला सांगतो, 'त्या माणसाकडं संशयानं बघ.' तो चुकीचा निघाला तर किंमत तो भरतो, ज्याला ग्रुपवर जागाच नाही, ज्याला आपली बाजू मांडताच येत नाही. धार लावणारा तो माणूस आमच्या ग्रुपवर नव्हता. म्हणून ज्या मेसेजची चूक दुसऱ्याच्या अंगावर जाणार, तिथं घाई करायचा मला अधिकार नाही. तो पोलिसांना कळवावा, ग्रुपवर टाकू नये.

हाच निकष रोजच्या गोष्टींनाही लागतो. एखाद्या जातीबद्दलची क्लिप, एखाद्या पोरीचा फोटो, एखाद्या महाराजांविषयीची कुजबुज. भक्तीच्या ग्रुपवरही हे सगळं सकाळच्या देवाच्या फोटोखालीच येत असतं, आणि आपण दोन्हींना तेवढ्याच सहजपणे हात जोडतो.

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात माउली अहिंसा समजावतात, तेव्हा नुसत्या हाणामारीपाशी थांबत नाहीत. अहिंसक माणूस चालतो कसा, बघतो कसा, बोलतो कसा, इथपर्यंत येतात. अशा माणसाच्या बोलण्यात माया आधी पाझरते आणि अक्षरं तिच्या मागून येतात, असा त्यांचा भाव आहे. आपल्याकडं आता अक्षरं विजेच्या वेगानं पुढं जातात आणि माया मागं राहून जाते. हा क्रम उलटा करायचा असेल तर दोन श्वास थांबावं लागतं. तेवढंच तप.

त्याच रात्री ठळक अक्षरांत लिहायचं तर पण येत नव्हतं, तरी हात थरथरत मी ग्रुपवर लिहिलं, 'मी पाठवलेला तो मेसेज खोटा होता. न तपासता पाठवला, चूक माझी.' दोघा-तिघांनी अंगठा दाखवला. पुढं कोणीच पाठवला नाही. खोट्याला पाय असतात, माफीला नसतात.

पण त्याच १ जुलैच्या रात्रीची आणखी एक गोष्ट आहे. मालेगावात याच अफवेवरून जमावानं एका कुटुंबाला घेरलं होतं, त्यात दोन वर्षांचं लेकरूही होतं. तिथल्याच एका रहिवाशानं त्यांना आपल्या घरात घेतलं आणि पोलिसांनी त्यांना सुखरूप बाहेर काढलं. अफवा तीच, रात्र तीच. फरक एका माणसाचा. आमच्या गावात तो माणूस मोठी आई होती. तिला मोबाईल नीट वापरता येत नाही, गीता वाचता येत नाही. पण वाणीचं तप तिनं पाण्याचा गडवा हातात धरून केलं.

म्हणून त्या मुलाला माझं उत्तर: सोडू नकोस. पण पाठवण्याआधी स्वतःला चार प्रश्न विचार.

यानं कोणाचं मन हादरेल का?
हे खरं आहे हे मला स्वतःला माहीत आहे का, की नुसतं वाटतंय?
ज्याच्याबद्दल आहे, तो समोर बसलेला असता तर मी हेच, याच शब्दांत बोललो असतो का?
हे चुकीचं निघालं तर किंमत कोण भरणार?

मागच्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा भंडाऱ्याच्या बाजारात दोन-तीन धारवाल्यांना मी त्या माणसाबद्दल विचारलं. कोणाला माहीत नव्हतं. त्याचं नाव मला माहीत नाही, मग विचारणार तरी काय? त्याचा मुलगा आता पंधराएक वर्षांचा असेल. त्याच्याही हातात मोबाईल आला असेल.

आजचा संकल्प: आज दिवसभरात एक तरी मेसेज पुढं न पाठवता तिथंच थांबवायचा, आणि तेवढ्या वेळात एकदा नाम घ्यायचं.

राम कृष्ण हरी 🙏