निसर्ग, शस्त्र आणि बाप

मूल जन्मल्याची वार्ता कळतांच पूर्वीं लोक विचारीत, 'मुलगा कीं मुलगी?' आतां त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो : 'नॉर्मल कीं सिझेरियन?' विचारणाराला यांत कांहीं वावगें वाटत नाहीं. परंतु उत्तर देणाऱ्या बापाचा स्वर जरा लक्ष देऊन ऐकावा. 'नॉर्मल' हा शब्द तो किंचित् छाती काढून उच्चारतो आणि 'सिझेरियन' म्हणतांना पुढें लागलीच कारण जोडतो : नाळ गळ्याभोंवतीं होती, पाणी कमी झालें होतें. जणूं त्याच्यावर कोणीं आरोपच ठेवला आहे! ज्या कर्मांत त्याच्या वाट्याला येरझारा घालण्यापलीकडे कांहीं आलें नाहीं, त्याचा अभिमान अगर शरम त्याला कां वाटावी?

जे 'सर्व निसर्गावर सोंपवावें' असें म्हणतात त्यांनीं मिल्लचा निसर्गावरील निबंध अवश्य वाचावा. तो त्याच्या मृत्यूनंतर, १८७४ सालीं प्रसिद्ध झाला. निसर्ग म्हणजे जगांत जें जें घडतें तें सर्व, असा अर्थ घेतला तर शल्यवैद्याची सुरीहि निसर्गांतच आली; आणि मनुष्याच्या हस्तक्षेपावांचून घडतें तें, असा घेतला तर शेत नांगरणें, घर बांधणें, अंगावर वस्त्र घालणें हेंहि निसर्गाविरुद्धच ठरतें. आमच्या आज्यांना मिल्ल ठाऊक नव्हता, पण निसर्गाविषयीं त्यांना भ्रमहि नव्हता. बाई 'अडली' किंवा 'सुटली' असेच शब्द त्यांच्या तोंडीं असत, आणि बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म हें त्या अलंकार म्हणून बोलत नसत.

मग शस्त्राचा पक्ष निर्दोष म्हणावा काय? २०१९ ते २१ या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें आपल्या देशांत सरकारी रुग्णालयांतील शंभर प्रसूतींपैकीं सुमारें चौदा शस्त्रक्रियेनें झाल्या, तर खाजगी रुग्णालयांत सुमारें सत्तेचाळीस. निसर्ग कांहीं दारावरची पाटी वाचून वागत नाहीं. दोहींकडे येणाऱ्या स्त्रियांचीं वयें, प्रकृति, ऐपत हीं सारखीं नसतात, हें खरें. तरी एवढी तफावत तेवढ्यानें उलगडत नाहीं. या आंकड्यांचें खापर एकट्या डॉक्टरांवर फोडून आपण मोकळे होतों. पंचांग पाहून जन्मवेळ मागणारा आजोबा आणि 'एकदांचें करून टाका' म्हणणारा भेदरलेला नवरा हेहि त्यांचे भागीदार आहेत.

गंमत अशी कीं, नैसर्गिक प्रसूतीचे मोठे पुरस्कर्तेहि पुरुषच. ग्रॅंटली डिक-रीड या इंग्रज डॉक्टरानें १९३३ सालीं त्या विषयावर ग्रंथ लिहिला. पुढें फ्रान्सांत लामाझ आला. अमेरिकेंत ब्रॅडलेनें १९६५ सालीं नवऱ्यालाच शिक्षकाच्या जागीं उभें केलें. भीतीनें शरीर आखडतें आणि आखडल्यानें वेदना वाढते, हें डिक-रीडचें निरीक्षण मला पटतें. परंतु दुसऱ्याच्या वेदनेला सुंदर म्हणण्याची सोय ज्याला ती भोगावयाची नसते त्यालाच असते. तसेंच दुसऱ्याच्या पोटावरील छेद 'किरकोळ' म्हणण्याचीहि. पहिला आपल्या तत्त्वाची किंमत पत्नीकडून वसूल करतो. दुसरा आपल्या भीतीची.

हें मी दुरून बोलत नाहीं. माझ्या पहिल्या अपत्याच्या वेळीं पत्नी रीतीप्रमाणें माहेरीं, सातारला होती. मी रात्रीच्या गाडीनें पोहोंचलों तों परिचारिका कागद घेऊन उभी. सासऱ्यांनीं आपलें पेन माझ्या हातीं दिलें. मीं न वाचतां सही केली. भिंतीपलीकडे जी पूर्ण शुद्धीवर होती तिला विचारावें, हें आम्हां दोघां सुशिक्षितांपैकीं एकाच्याहि मनांत आलें नाहीं. पुढें २००८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें एका खटल्यांत (तो प्रसूतीचा नव्हता) स्पष्ट केलें कीं, जिवावरचा प्रसंग नसेल तर सज्ञान स्त्रीऐवजीं तिच्या आईनें दिलेली संमति चालत नाहीं. तें वाचतांना मला सातारचें पेन आठवलें. शस्त्रक्रिया बहुधा आवश्यकच असावी. मायलेकी सुखरूप राहिल्या. पण बारशाच्या गडबडींत पत्नी एवढेंच म्हणाली, "तुम्हांला विचारलं, मला कुणीं विचारलंच नाहीं."

तीच मुलगी गेल्या वर्षीं आमच्याकडे बाळंतपणाला आली. जांवई निसर्गपक्षाचे; पुस्तकें वाचून, वर्गांना जाऊन आलेले. मी मनांतून सुरीकडे झुकलेला, कारण लौकर आटपलें तर माझा जीव भांड्यांत पडणार! हल्लीं नवऱ्याला आंत घेतात, म्हणून ते तिच्याजवळ आणि मी बाहेर बाकावर. पुढचें त्यांनींच मला मागून सांगितलें.

चौदाव्या तासाला तिनें वेदना थांबविणारी पाठींतली सुई मागितली. आणि सातव्या महिन्यांत तिनेंच त्यांच्याकडून वचन घेतलें होतें कीं, मी कितीहि म्हटलें तरी ती देऊं देऊं नकोस. आतां त्यांनीं कोणतीचें ऐकावें? शांतपणीं केलेला निश्चय खरा आणि वेदनेंतला उद्गार दुबळेपणाचा, असें उत्तर मीं वर्गांत सहज दिलें असतें. परंतु सातव्या महिन्यांत तिला जें ठाऊक नव्हतें तें चौदाव्या तासाला ठाऊक झालें होतें. अधिक जाणणारीला कमी जाणणारीच्या शब्दानें बांधणें हा कसला विवेक? उलटपक्षीं, वेदना माणसाला स्वतःपासून दूर नेते हेंहि खोटें नाहीं, आणि 'तेव्हां मला धीर कां दिला नाहींस?' असें मागाहून विचारणारी स्त्रीहि असूं शकते. हा पेच मला पुरता सुटलेला नाहीं. जांवयांनीं भीत भीत तिला वचनाची आठवण दिली. ती म्हणाली, "वचन घेणारी मीच होतें ना? मग सोडवणारीहि मीच." ते उठले आणि डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलें.

पहाटे मूल झालें. सुरी लागली नाहीं. मीं पहिला फोन धाकट्या बहिणीला केला. "दादा, नॉर्मल कीं सिझेरियन?"

"नॉर्मल," मी म्हणालों, आणि माझाच स्वर मला ओळखूं आला.