चार दिवसांचे पाहुणे

१९८३ साली आम्ही दम्मामला उतरलो त्याच रात्री खोलीत वाद झाला. इशाची नमाज दोन रकात पढायची की चार? खोलीत आम्ही आठजण. पाच कोकणातले, म्हणजे शाफई. दोघे मालेगावचे आणि एक हैदराबादचा, हे तिघे हनफी. चार रकातींची फर्ज नमाज मुसाफिराने दोनवर आणावी अशी सवलत आहे, तिला कस्र म्हणतात, हे सर्वांनाच ठाऊक होते. प्रश्न एवढाच होता की माणसाची मुसाफिरी संपते कधी? मालेगावकर म्हणाले, एका जागी पंधरा दिवस राहण्याचा इरादा केला की संपते. आम्ही म्हणालो, येण्याचा आणि जाण्याचा दिवस सोडून चार दिवस. राजापूरकडचे एक बुजुर्ग चाचा खाटेवर बसून हे सारे ऐकत होते. ते म्हणाले, "अरे, करार किती वर्षांचा तुमचा?" करार दोन वर्षांचा होता. "मग भांडता कशाला? पुरी पढा आणि झोपा."

पुरी पढलो. धर्मशास्त्राच्या दृष्टीने आम्ही पहिल्या रात्रीच मुकीम झालो, त्या गावचे रहिवासी झालो. पुढे सरकारकडून परवाना मिळाला, त्याचे नावही इकामा. मुकीम, इकामा आणि जमातीच्या आधी म्हटली जाणारी इकामत, तिन्ही शब्दांचे मूळ एकच, उभे राहणे, कायम करणे. पण हे आम्हाला फार उशिरा सुचले. त्या वेळी इकामा म्हणजे खिशात जपायची पुस्तिका होती. ती नसली की पोलीस धरतात, एवढाच तिचा अर्थ.

नमाज पूर्ण झाली तरी मनाने आम्ही मुसाफिरच राहिलो. खाटेखालची ट्रंक पूर्ण अशी कधी रिकामी केली नाही. खिडकीला पडदा लावला नाही, "इथे कुठे राहायचंय आपल्याला?" हे कारण. सत्तावीस वर्षांत अरबी किती शिकलो? बुकरा, खलास, सदीक, माफी. (माफी म्हणजे तिकडे 'नाही'. आपल्याकडची माफी मागण्याची वेळ तर आम्ही तिकडे येऊच दिली नाही.) समोरच्या बकाल्यातला येमेनी दुकानदार रोज सलाम करायचा, घरच्यांची खुशाली विचारायचा. त्याला मुले किती, हे आम्ही कधी विचारले नाही.

आणि दर वर्षी तेच वाक्य. पुढच्या वर्षी परतायचे. आधी बहिणीचे लग्न, मग घराचा स्लॅब, मग मुलाचे कॉलेज. गंमत अशी की आमच्या शाफई फिकहने असा माणूसही हिशेबात धरला आहे. काम आज होईल, उद्या होईल आणि लगेच निघू, अशा आशेवर जो एका जागी अडकून पडला, त्याला कस्र करता येते. पण किती दिवस? अठरा. त्यानंतर त्याची 'उद्या' कोणी ऐकून घेत नाही, त्याने नमाज पूर्ण करावी. आम्ही मात्र आमची 'उद्या' सत्तावीस वर्षे चालवली.

कोणी म्हणेल, तुम्हाला रहिवासी होऊ दिलेच कुणी? हे म्हणणे खोटे नाही. कफील म्हणेल तो कायदा होता. पासपोर्ट त्याच्या कपाटात, सुट्टीवर जायचे तरी त्याची परवानगी. मार्च २०२१ मध्ये सौदी सरकारने काही अटींवर मालकाच्या संमतीशिवाय नोकरी बदलण्याची मुभा दिली, त्यातूनही घरकाम करणारे वगळले गेले. जुलै २०१७ पासून तिथल्या परदेशी नोकरदारांच्या कुटुंबावर माणशी दरमहा शंभर रियाल फी बसली, ती दर वर्षी शंभराने वाढत २०२० मध्ये चारशेवर गेली. आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांनी बायकामुले गावी पाठवली आणि नवरे पुन्हा आठजणांच्या खोलीत आले. तिथेच जन्मलेल्या, तिथेच शिकलेल्या मुलांनाही तो देश आपले म्हणत नाही. तेव्हा ज्या देशाने आम्हाला मोजले नाही त्याचे आम्ही काय देणे लागतो, हा प्रश्न नुसता बहाणा म्हणून झटकून टाकता येत नाही.

पण आम्ही तो बहाणा म्हणून वापरला, हेही खरे आहे. १९९४ ची गोष्ट. आमच्या खालच्या मजल्यावर सहा बांगलादेशी मजूर राहत होते. ठेकेदाराने सात महिन्यांचा पगार दिला नव्हता. आम्ही ऑफिसात टाइमकीपर. हजेरीची वही आमच्याकडे, टंकलेखन येत होते, लेबर ऑफिसात अर्ज कसा जातो तेही माहीत होते. त्यांच्यातला वयस्क माणूस दोनदा वर आला. दुसऱ्यांदा आला तेव्हा आम्ही जेवत होतो. आम्ही त्याला बसवले, ताट पुढे केले, आणि म्हणालो, "भाई, आपण सगळे इथे चार दिवसांचे पाहुणे. यजमानाच्या घरात आवाज कशाला करायचा?" त्याने एक घास घेतला, पाणी प्यायला आणि गेला. महिन्याभराने खालची खोली रिकामी झाली. त्यांना काय मिळाले, काय नाही, आम्ही चौकशी केली नाही.

आम्हाला भीती वाटत होती, आणि ती भीती रास्त होती. तेव्हा "भाई, आम्हाला भीती वाटते" असे म्हणालो असतो तर निदान ते खरे बोलणे झाले असते. पण भीतीला आम्ही पाहुणेपणाचा कपडा चढवला. तेव्हा आम्हाला तिथे अकरा वर्षे झाली होती आणि रोजच्या इशाला आम्ही चार रकाती पढत होतो. सवलत नमाजेत सोडून दिली होती ती माणसांशी वागताना घेतली.

पुढे एका आलिमांनी सांगितलेली गोष्ट डोक्यातून जात नाही. शाफई मताप्रमाणे जुम्याच्या नमाजेला चाळीस पुरुष लागतात, आणि ते मुस्तौतिन हवेत, म्हणजे ते गाव ज्यांचे कायमचे वतन आहे असे. जो मुकीम आहे पण मुस्तौतिन नाही, परत जायच्या इराद्याने राहिला आहे, त्याच्यावर जुमा बंधनकारक आहे. मात्र चाळिसांच्या गणतीत तो धरला जात नाही. गणतीत नाही, तरी फर्ज आहे! गल्फमधल्या माणसाची स्थिती इतक्या नेमकेपणाने कुठल्या ग्रंथात लिहिली असेल असे आम्हाला वाटले नव्हते. न मोजणे हा त्या देशाचा अन्याय असेल, त्याविरुद्ध जरूर बोलावे. मजुराला सब्र शिकवणाऱ्यांपैकी आम्ही नाही. पण मोजले नाही म्हणून शेजाऱ्याचे देणे फिटत नाही.

वतनाविषयीही आमची समजूत कच्चीच होती. जन्मगाव तेवढे आपले, बाकी सारी सराई. हिजरी सन आठमध्ये मक्का जिंकल्यावर हजरत पैगंबर (स.) तिथे सुमारे एकोणीस दिवस राहिले आणि त्या दिवसांत त्यांनी कस्र केली. जिथे जन्मले, वाढले, त्या शहरात ते मुसाफिर होते. आता ते इथेच राहतील की काय, अशी चिंता मदिनेच्या अन्सारांना लागली होती. ते मदिनेला परत गेले, तिथेच दफन झाले. आम्ही हा प्रसंग सीरतच्या जलशांत अनेकदा ऐकला होता, पण विजयाचा प्रसंग म्हणून. त्या दोन रकातींकडे लक्ष गेले नाही.

२०१० मध्ये आम्ही कायमचे परतलो. ट्रंक आता माळ्यावर आहे. गावात मोठमोठी घरे झाली आहेत, त्यातली निम्मी कुलूपबंद. मालक दोहा, कुवेत, दम्मामला. पावसाळ्यात जुम्याला सफा भरत नाहीत आणि जमातीचे सेक्रेटरी चाळीसचा आकडा पुरा होतो का, हे बोटांवर मोजत राहतात. तिकडे आम्ही गणतीत नव्हतो, इकडे आमच्या मुलांमुळे गणती अपुरी पडते.

मागच्या सफेत हल्ली सात-आठ मजूर असतात. मुर्शिदाबादकडचे, गल्फच्या पैशांतून उठणाऱ्या घरांचे प्लास्टर करायला आलेले. अर्धवट बांधलेल्या घरातच राहतात, खिडक्यांना सिमेंटच्या गोण्या लावून. त्यांना गणतीत धरावे का, असा प्रश्न सेक्रेटरींनी काढला. इमामसाहेबांनी नियम सांगितला, तो आम्हाला पाठच होता. सेक्रेटरींनी त्यांच्यातल्या एकाला विचारले, "कितने दिन हो यहाँ?"

"बस, घर का काम खतम हुआ के चले जाएँगे."

गेल्या जुम्याला नमाजेनंतर आम्ही त्याच्याजवळ जाऊन बसलो आणि त्याचे नाव विचारले. दोन पावसाळे झाले, तो आमच्या घरापासून चौथ्या घरात राहतो.