ऐंशी हजार वर्षांचा हिशेब

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये त्सुचिनशान-ॲटलास हा धूमकेतू सूर्यास्तानंतर पश्चिमेला दिसू लागला, तेव्हा बातम्यांमधून एकच आकडा फिरत होता: आता हा ऐंशी हजार वर्षांनी येणार. आकडा भारदस्त. तो आला कुठून, हे विचारायची मात्र कुणाला गरज वाटली नाही.

धूमकेतू परत येतात, ही कल्पना तशी अलीकडची. ग्रहांना लंबवर्तुळात बसवणारा केप्लरसुद्धा धूमकेतू सरळ रेषेत जातात असंच धरून चालला होता. १६८० च्या नोव्हेंबरात एक धूमकेतू सूर्याकडे जाताना दिसला आणि डिसेंबरात एक सूर्यापासून दूर जाताना. इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ फ्लॅमस्टीडच्या मते तो एकच होता. न्यूटनला आधी ते पटेना. पुढे ‘प्रिन्सिपिया’त (१६८७) त्यानेच तीन वेधांवरून कक्षा काढण्याची रीत दिली आणि प्रश्न फार कठीण असल्याचंही नमूद केलं. कठीण का, तर आकाशात दिशा मोजता येते, अंतर नाही. शिवाय आपण उभे आहोत ती पृथ्वीही फिरतेच आहे. म्हणून न्यूटनने कक्षा अन्वस्त, म्हणजे टोकं कधीच न जुळणारा वक्र, मानली. सूर्याजवळच्या छोट्या तुकड्यात लांबुळकं लंबवर्तुळ आणि अन्वस्त यांत फरक जवळजवळ उरत नाही. सोय झाली, पण अन्वस्तावरून गेलेला कधी परतत नाही!

हॅलीने १७०५ मध्ये २४ धूमकेतूंच्या कक्षा दिल्या, त्याही अन्वस्त धरूनच. १५३१, १६०७ आणि १६८२ च्या कक्षा एकमेकींशी जुळल्या म्हणून त्याने पुनरागमनाचं भाकीत केलं. म्हणजे परतीचा काळ कक्षेच्या आकारातून निघाला नव्हता, जुन्या नोंदींतून निघाला होता. हीच युक्ती त्याने १६८० च्या धूमकेतूला लावली आणि ५७५ वर्षांचा फेरा ठरवला. तो साफ चुकला. खरा फेरा हजारो वर्षांचा आहे. हॅलीचं खरं ठरलेलं भाकीत शाळेत शिकवतात, ही चूक कुणी सांगत नाही. दीर्घ फेऱ्याच्या धूमकेतूंबाबत मला तीच जास्त बोलकी वाटते.

खरं वळण आलं १८०५ मध्ये. फ्रेंच गणितज्ञ लजांद्रने धूमकेतूंच्या कक्षांवरच्या पुस्तकाला जोडलेल्या परिशिष्टात लघुतम वर्ग पद्धती प्रथम छापली. तीन निवडक वेधांवर भिस्त ठेवण्याऐवजी सगळे वेध घ्या आणि त्यांच्यातल्या चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी राहील अशी कक्षा शोधा. कक्षेबरोबर तिच्याबद्दलची खात्री किती, हेही मोजण्याची वाट इथून उघडली.

ती खात्री किती तुटपुंजी असते, ते आकड्यांतच पाहावं. पृथ्वी-सूर्य अंतराच्या ०.३९ पट इतका सूर्याजवळ येणारा धूमकेतू घ्या. विकेंद्रता, म्हणजे कक्षा किती लांबुळकी हे सांगणारा आकडा, ०.९९९८ असेल तर फेरा सुमारे ८६ हजार वर्षांचा. ०.९९९९ असेल तर २ लाख ४४ हजारांचा. नेमकी १ असेल तर तो परत येणारच नाही. चौथ्या दशांश स्थळी एकाचा फरक, आणि दीड लाख वर्षं इकडची तिकडे.

त्यात गुरू-शनीची ओढ. विसाव्या शतकाच्या आरंभी खगोलशास्त्रज्ञ स्ट्रोमग्रेनने गणित मागे नेऊन दाखवलं, की सूर्याजवळ अपास्त, म्हणजे विकेंद्रता १ हून जास्त असलेल्या, भासणाऱ्या कक्षा ग्रहांच्या टापूत शिरण्याआधी लंबवर्तुळच होत्या. अशा मूळ कक्षा नीट ठाऊक असलेल्या अवघ्या १९ धूमकेतूंच्या आधारे यान ऊर्टने १९५० मध्ये सूर्यमालेभोवतीच्या दूरवरच्या धूमकेतू-मेघाची कल्पना मांडली. एकेकाचा फेरा सांगणं अवघड, पण सगळे मिळून कुठून आले ते सांगता आलं.

त्सुचिनशान-ॲटलासची सूर्याजवळची विकेंद्रता १ हून किंचित जास्तच निघाली, म्हणजे त्या कक्षेवरून ऐंशी हजार वर्षांचा फेरा निघतच नाही. त्यामुळे पुढच्या धूमकेतूच्या बातमीत तो सूर्याच्या सर्वांत जवळ कधी आणि किती अंतरावर येणार, एवढं खुशाल खरं माना. परतीचं वर्ष दिलेलं असेल, तर ते किती महिन्यांच्या वेधांवरून काढलंय आणि त्यात मागेपुढे किती, हे आधी विचारा.