‘आढळलें नाहीं’ आणि ‘नाहीं’

दुसऱ्याला मन आहे हें आपण प्रत्यक्ष कधींच पाहत नाहीं. त्याच्या बोलण्याचालण्यावरून तें अनुमानानें जाणतों. धूर दिसला कीं अग्नि आहे असें म्हणावें, त्यांतलाच हा प्रकार. पण धूर नाहीं म्हणून अग्नीहि नाहीं, असें मात्र म्हणतां येत नाहीं. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यांत धुराचा मागमूस नसतो, तरी अग्नि असतो, हें नैयायिकांचें प्रसिद्धच उदाहरण आहे.

मेंदूला जबर दुखापत झालेल्या कांहीं रोग्यांच्या बाबतींत तर्कशास्त्रांतला हा भेद जीवनमरणाचा होऊन बसतो. असा रोगी डोळे उघडतो, मिटतो. पण हांकेला ओ देत नाहीं. या स्थितीला वैद्यकांत ‘वनस्पतिवत् अवस्था’ असें नांव पडलें. २००६ सालीं केंब्रिज येथील एड्रियन ओवेन व त्यांचे सहकारी यांनीं अशाच एका तेवीस वर्षांच्या तरुणीच्या मेंदूंतील रक्तप्रवाहाचें चुंबकीय यंत्रानें निरीक्षण केलें. टेनिस खेळत असल्याची कल्पना करण्यास सांगितल्यावर तिच्या मेंदूचा हालचालीशीं संबंधित भाग जागृत झाला. स्वतःच्या घरांतून हिंडण्याची कल्पना करण्यास सांगितल्यावर दुसरे भाग जागृत झाले. निरोगी माणसांतहि हेंच घडतें. पुढें २०१० मध्यें, एक कल्पना म्हणजे ‘होय’ व दुसरी म्हणजे ‘नाहीं’, असा संकेत ठरवून एका रोग्यानें सहांपैकीं पांच प्रश्नांचीं बरोबर उत्तरें दिलीं.

२०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अनेकदेशीय अभ्यासांत, सांगूनहि कसलीच हालचाल न करणाऱ्या २४१ रोग्यांपैकीं ६० जणांच्या मेंदूनें आज्ञा पाळल्याचें चुंबकीय चित्रांवरून वा विद्युत्-लहरींच्या नोंदींवरून दिसून आलें. मला मात्र त्याच अभ्यासांतील दुसरा आंकडा अधिक महत्त्वाचा वाटतो. सांगितल्याप्रमाणें उघड हालचाल करणारे जे ११२ रोगी होते, त्यांपैकीं यंत्राला तसा पुरावा मिळाला तो फक्त ४३ जणांत! रोगी त्या वेळीं झोपेंत असेल, त्याचें लक्ष टिकत नसेल, भाषा समजण्याची शक्तीच दुखावली असेल. यंत्राचा होकार बराचसा भरंवशाचा आहे. त्याच्या मौनाला नकार समजणें मात्र अन्यायाचें होईल.

यावर कोणी विचारील, मग असल्या सर्व रोग्यांना कायमचें जगवीत ठेवावें काय? तसें माझें म्हणणें नाहीं. आंत जाणीव असेल तर तें जिणें त्याला असह्यहि होत असेल. रोग्याची पूर्वींची इच्छा, त्याच्या यातना, सुधारणेची आशा, हें सर्व तोलून उपचार थांबविण्याचा निर्णय आप्तांना व डॉक्टरांना घ्यावा लागेल. माझा आक्षेप एवढाच, कीं तो ‘आंत कोणी नाहींच’ या सबबीवर घेऊं नये. त्या सबबीनें आपल्या मनाचा भार हलका होतो, पण ती सिद्ध झालेली नसते. निर्णयाची जबाबदारी आपली आहे. ती यंत्राच्या गळ्यांत घालतां येणार नाहीं.

तोंवर आपलें साधें कर्तव्य स्पष्ट आहे. रोग्याच्या उशाशीं बसून, तो तेथें नसल्यासारखें त्याच्याविषयीं बोलूं नये. अंगाला हात लावण्यापूर्वीं त्याला सांगावें. घरची हकीकत कानावर घालावी. ऐकणारा नसेल, तर आपले चार शब्द वायां जातील. तो असेल आणि आपण गप्प बसलों, तर त्या हानीची भरपाई मागाहून कशानेंहि होणार नाहीं.